फुकटची खिडकी आणि मोकळे अंगण

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



वृत्तपत्रात तंत्रज्ञानाच्या बातमीची जागा ठरलेली असते. मोबाईलचा नवा संच बाजारात आला, एका कंपनीने दुसरी विकत घेतली, कुठल्याशा सेवेचे दर वाढले, की ती बातमी आतल्या पानावर खालच्या कोपऱ्यात जाते. आमच्या व्यवसायात तिला ‘पुरवणीचा मजकूर’ म्हणण्याची रीत आहे. वाचकही ती तशीच वाचतो आणि संध्याकाळी कट्ट्यावर, लोकलच्या डब्यात किंवा हातातल्या पडद्यावर तिच्याविषयी दोन वाक्ये टाकतो. ‘सगळे लुटारू आहेत’, ‘फुकट मिळते आहे तर घ्यावे’ आणि ‘आपल्याला काय त्याचे?’ एवढ्या तीन वाक्यांत बहुतेक चर्चा आटोपतात. आज मला अशा एका चर्चेविषयी बोलायचे आहे, जी या तीन वाक्यांवर थांबली नाही आणि म्हणून देशाच्या एका धोरणापर्यंत पोहोचली.

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने जाहीर केले की, इंटरनेटवरून दूरध्वनीसारखे बोलण्याच्या सेवा वापरणाऱ्यांकडून त्या वापराचा वेगळा आकार घेतला जाईल. कंपनीची अडचण समजण्यासारखी होती. लोक मिनिटाचे पैसे मोजून बोलायचे सोडून स्काईप, व्हायबर अशा मार्गांनी बोलू लागले होते आणि उत्पन्नाचा जुना झरा आटत होता. ओरड झाली, काही दिवसांतच निर्णय मागे घेतला गेला. बातमी इथेच संपायची. पण २७ मार्च २०१५ रोजी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, या साऱ्या विषयावर एक चर्चापत्रिका प्रसिद्ध केली. एकशे अठरा पाने, शेवटी वीस प्रश्न, आणि मते कळवण्यासाठी २४ एप्रिलपर्यंतची मुदत. प्रश्नाचे मूळ असे होते : तारेतून किंवा लहरींतून माहिती वाहून नेणाऱ्या कंपनीला, त्या माहितीत काय आहे हे पाहून वेगवेगळा दर लावण्याचा अधिकार असावा काय?

याला इंग्रजीत ‘नेट न्यूट्रॅलिटी’ म्हणतात. टिम वू या अमेरिकेतील कायद्याच्या प्राध्यापकांनी २००३ साली हा शब्दप्रयोग रूढ केला. आपण त्याला आंतरजालाची तटस्थता म्हणू. शब्द जड वाटतो, कल्पना मात्र आपल्या टपालपेटीइतकी ओळखीची आहे. १८५४ साली या देशात टपालाचा एकसमान दर आला. पत्र शेजारच्या तालुक्यात जावो की हजार मैलांवर, वजन तेच असेल तर तिकीट तेच. आत लग्नाचे आमंत्रण आहे की सावकाराची मागणी, हे पोस्टमनने विचारायचे नाही. आता कोणी म्हणेल, वृत्तपत्रांना तर टपालात सवलतीचा दर होता! होता खरा, आमच्या कित्येक साप्ताहिकांचा संसार त्याच सवलतीवर चालला. पण ती सवलत नोंदणी झालेल्या प्रत्येक वृत्तपत्राला सारखी होती. एकाच मालकाचे पत्र फुकट पोचवायचे आणि बाकीच्यांना पूर्ण तिकीट लावायचे, असे टपालखात्याने केले असते तर किती वृत्तपत्रे उरली असती, याचा विचार करावा.

एप्रिल २०१५ मध्ये जे घडले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. काही स्वयंसेवकांनी ती एकशे अठरा पाने वाचली, वीस प्रश्नांची उत्तरे सोप्या इंग्रजीत लिहून काढली आणि कोणालाही ती ट्रायकडे पाठवता येतील अशी सोय केली. विनोदी कार्यक्रम करणाऱ्या काही तरुणांनी त्यावर एक चित्रफीत काढली. तिची भाषा या व्यासपीठावरून उच्चारण्यासारखी नव्हती, पण विषय तिने अचूक समजावला. दहा लाखांहून अधिक ई-पत्रे ट्रायकडे गेली. त्याच महिन्यात एअरटेलची ‘एअरटेल झीरो’ नावाची योजना पुढे आली होती. तीत संकेतस्थळाच्या मालकाने पैसे भरायचे आणि ग्राहकाला ते स्थळ फुकट मिळायचे. तिच्यात सामील होण्याची बोलणी करणारी फ्लिपकार्ट टीकेची धार पाहून आठवड्याभरातच बाजूला झाली.

पैसा असणाऱ्याचे दुकान ग्राहकाला फुकट आणि नव्याने उभ्या राहिलेल्या छोट्या दुकानदाराचे महाग, हा अन्याय चटकन दिसतो. पुढचा प्रसंग अवघड होता, कारण तो परोपकाराचा वेश घेऊन आला.

फेसबुकने फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ नावाची सेवा आपल्याकडे आणली होती. सप्टेंबरात तिचे नामांतर ‘फ्री बेसिक्स’ असे झाले. सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता आणि सेवेच्या भाषांत मराठीही होती. साध्या मोबाईलवर हवामान, आरोग्य, नोकऱ्या, बातम्या अशी निवडक स्थळे आणि अर्थातच फेसबुक, डेटाचे पैसे न मोजता पाहता येत. चित्रफिती नाहीत, मोठी छायाचित्रे नाहीत, इंटरनेटवरून बोलणे नाही. या योजनेत यायचे असेल त्या संकेतस्थळाने फेसबुकच्या तांत्रिक अटी पाळायच्या आणि ये-जा फेसबुकच्याच यंत्रणेतून व्हायची. डिसेंबर २०१५ मध्ये ट्रायने दरभेदावर दुसरी चर्चापत्रिका काढली, तेव्हा फेसबुकने वृत्तपत्रांत पान-पान जाहिराती दिल्या. खुद्द मार्क झुकरबर्ग यांनी एका इंग्रजी दैनिकात लेख लिहिला. त्यात महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचे उदाहरण होते : तो या सेवेवर हवामान पाहतो, शेतमालाचे भाव पाहतो, आणि आता नवी पिके, जनावरे यांत पैसा घालतो आहे.

मित्रहो, या युक्तिवादाला हसून चालणार नाही. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला थोडे तरी मिळते आहे; ज्यांच्या घरात सर्व काही आहे अशा शहरी मंडळींनी त्याच्या ताटातले ते थोडेही तत्त्वाच्या नावाखाली काढून घ्यावे काय? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्या वेळच्या गप्पांत पुष्कळांनी तो प्रामाणिकपणेच विचारला. त्याचे उत्तर ‘परकी कंपनी आहे म्हणून नको’ हे नव्हते. परकी असो वा स्वदेशी, रिलायन्सने स्वतःच्या बळावर अशी सेवा काढली असती तरी आक्षेप तोच राहिला असता.

उत्तर असे की, त्या शेतकऱ्याला जे दिले जात होते ते थोडे इंटरनेट नव्हते, ती दुसऱ्याने बसवून दिलेली खिडकी होती. त्याच्या तालुक्यातील एखाद्या तरुणाने उद्या बाजारभावाचे अधिक चांगले संकेतस्थळ काढले, तर ते त्या खिडकीतून दिसेल की नाही हे कोण ठरवणार? शिवाय ज्याने अजून अंगण पाहिलेलेच नाही, त्याला खिडकी हेच जग वाटते. ट्रायने आपल्या निर्णयाच्या समर्थनात नेमका हाच मुद्दा घेतला : देशातील बहुसंख्य लोक अजून जोडले जायचे आहेत, अशा वेळी त्यांचा इंटरनेटचा अनुभव कसा असावा हे सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या हाती सोपवता येणार नाही.

मतांच्या मोजदादीत फेसबुक कितीतरी पुढे होते. आलेल्या सुमारे २४ लाख प्रतिसादांपैकी बहुसंख्य तिच्या मोहिमेतून, एकाच साच्यातून आलेले होते. आपल्या पानावर आलेले एक बटण दाबायचे की पत्र तयार. विरोधकांनीही एप्रिलमध्ये साचाच वापरला होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. त्या दहा लाखांतील किती जणांनी चर्चापत्रिका उघडून पाहिली असेल, याची मला शंकाच आहे. फरक एवढाच की एका साच्यात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे होती आणि दुसऱ्यात फ्री बेसिक्सचे गुणगान. ट्रायने जानेवारी २०१६ मध्ये फेसबुकला जे पत्र लिहिले, त्यात हेच कडक शब्दांत सुनावले. नियामक संस्था ही मतपेटी नव्हे, हे त्या पत्राने स्पष्ट केले. आपल्याकडे सरकारी कागदाला स्वतःचा आवाज क्वचित असतो. त्या पत्राला होता.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी नियम जाहीर झाला. मजकुराच्या आधारे डेटाच्या दरात भेद करण्यास बंदी, मोडल्यास दिवसाला पन्नास हजार आणि जास्तीत जास्त पन्नास लाख रुपये दंड, सार्वजनिक आणीबाणीतील सेवांना सूट. दोन दिवसांत फेसबुकच्या संचालक मंडळातील मार्क अँड्रीसन यांनी ट्विटरवर एक शेरा मारला. वसाहतवादाच्या विरोधाने भारताचे दशकानुदशके आर्थिक वाटोळे केले, मग आता तरी का थांबावे, असा त्याचा रोख होता. गदारोळ उठला, शेरा पुसला गेला, क्षमायाचना झाली, झुकरबर्ग यांनी त्या मतापासून स्वतःला वेगळे केले आणि ११ फेब्रुवारीला भारतातील फ्री बेसिक्स बंद झाल्याचे वृत्त आले.

राष्ट्राभिमानी मनाला तो शेरा झोंबला, झोंबायलाच हवा होता. परंतु क्रम पाहावा. निर्णय आधी झाला, संताप नंतर आला. आपल्या बोलण्यात आता हा प्रसंग ‘भारतीयांनी अपमानाचा बदला घेतला’ असा रंगवला जातो. तसे झालेले नाही. एकशे अठरा पानांचे वाचन, वीस प्रश्नांची उत्तरे आणि मुदतीच्या आत धाडलेली पत्रे यांनी ते काम आधीच केले होते. ईस्ट इंडिया कंपनीची उपमा त्या महिन्यांत सारखी दिली जाई. उपमा आकर्षक आहे, पण कंपनीला फर्माने मिळाली तेव्हा त्या कागदांच्या अटी आपल्याकडे किती जणांनी वाचल्या, हा प्रश्न मला त्या उपमेहून महत्त्वाचा वाटतो.

एक गैरसमजही दूर करायला हवा. या नियमामुळे देशात डेटा स्वस्त झाला, असे काही उत्साही मंडळी सांगतात. स्वस्ताई आणली ती स्पर्धेने आणि प्रचंड भांडवलाने. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झाली आणि दर कोसळले. फ्री बेसिक्सची भागीदार रिलायन्स कम्युनिकेशन्स त्या लाटेत मोबाईलच्या धंद्यातूनच बाहेर फेकली गेली. नियमाने केले ते एवढेच की, दर कोसळले तेव्हा गावातल्या माणसाच्या हाती निवडक स्थळांऐवजी सगळे इंटरनेट आले. ‘थोडे तरी घ्या’ या युक्तिवादाला काळाने काही महिन्यांतच उत्तर दिले, हे आपले नशीब. जिओ आली नसती तर तटस्थतेच्या बाजूने बोलणाऱ्यांना तो प्रश्न बरीच वर्षे टोचत राहिला असता.

अमेरिकेत हाच विषय २०१५ पासून सत्तेबरोबर पालटत राहिला. तिथल्या आयोगाने नियम केला, २०१७ मध्ये रद्द केला, २०२४ मध्ये परत आणला आणि २ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने तो मोडीत काढला. आपल्याकडे जुलै २०१८ मध्ये दूरसंचार खात्याने तटस्थतेचे तत्त्व अधिक व्यापक रूपात स्वीकारले.

मला खरी बोच आहे ती भाषेची. ज्या शेतकऱ्याच्या नावाने दोन्ही पक्ष भांडले, त्याला हे भांडण कळण्याची सोय नव्हती. चर्चापत्रिका मराठीत नव्हती, स्वयंसेवकांची उत्तरे इंग्रजीत, विनोदवीरांची चित्रफीत हिंदी-इंग्रजीच्या मिश्रणात. मराठी वृत्तपत्रांत बातम्या आल्या, पण वीस प्रश्न सलग मराठीत छापलेले निदान माझ्या पाहण्यात आले नाहीत. मराठी माणसाशी मराठीत बोलली ती एकटी विक्रेती कंपनी! मराठी अभिजात असल्याचा निर्णय केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये घेतला, त्याचा आनंद आपण सर्वांनी साजरा केला. त्या आनंदात ‘दरभेद’, ‘मध्यस्थ’, ‘संमती’ असे शब्द रोजच्या मराठी वादात रुळवण्याचे काम कोणाच्या लक्षात नाही.

हे जुने उगाळण्याचे कारण सांगतो. २०२५ च्या जुलैत एअरटेलने आपल्या ३६ कोटी ग्राहकांना पर्प्लेक्सिटी या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सेवेची सशुल्क आवृत्ती वर्षभर फुकट देऊ केली. ऑक्टोबरअखेर जिओने गुगलच्या जेमिनीची अठरा महिन्यांसाठी घोषणा केली. ४ नोव्हेंबरपासून चॅटजीपीटीची ‘गो’ ही आवृत्ती भारतीयांना एक वर्ष विनामूल्य मिळू लागली. कट्ट्यावरची वाक्ये तीच : फुकट आहे तर घ्या. २०१६ चा नियम इथे उपयोगी नाही, कारण तो डेटाच्या दराविषयी आहे आणि इथे डेटाचा दर सर्वांना सारखाच आहे. मात्र इंटरनेटच्या खिडकीतून निदान दहा संकेतस्थळे दिसत होती. या खिडकीत एकच आवाज उत्तर देतो. कपाशीवरच्या किडीविषयी मराठीत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो कुठून आणतो, आपण विचारलेल्या प्रश्नांचे पुढे काय होते, एकोणिसाव्या महिन्यात दर काय असेल, आणि तोवर दुसरे काही वापरण्याची सवय उरेल काय, हे प्रश्न कोणी कोणत्या कार्यालयाकडे कोणत्या मुदतीत धाडायचे, हे अजून ठरायचे आहे.

ट्राय आपल्या प्रत्येक चर्चापत्रिकेवर लेखी मते मागवते. ती कोणाही नागरिकाला पाठवता येतात आणि एखाद्या वाचनालयालाही. २०१५ च्या त्या वीस प्रश्नांचे मी माझ्यापुरते मराठी भाषांतर केले आहे. त्याची एक प्रत आज ग्रंथपालांच्या हवाली करून जातो आहे. विषय जुना झाला असला तरी असे प्रश्न कसे मांडलेले असतात आणि शब्द कुठे निसटते ठेवलेले असतात, हे त्यावरून कळते. चारपाच जणांनी मिळून वाचायला बसावे. एका बैठकीत तीनचार प्रश्नांच्या पुढे जाता येत नाही, असा माझा अनुभव आहे.