खालच्या पट्टीतली उषा



आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 15 डिसेंबर 2019 रोजी आयर्लंडचा 'यू टू' हा रॉक बँड वाजवून गेला. मग जानेवारी 2025 मध्ये 18, 19 आणि 21 तारखेला 'कोल्डप्ले'चे तीन कार्यक्रम झाले. आम्ही जवळपास राहणाऱ्यांनी तिकीट न काढताही त्यातलं बरंच काही ऐकलं. बास गिटार घुमायला लागली की खिडकीच्या काचा थरथरायच्या. या दोन्ही बँडचे मुख्य गायक पुरुष. कोल्डप्लेच्या आधी मात्र लुधियानाची जसलीन रॉयल त्या अवाढव्य रंगमंचावर गाऊन गेली. इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्सच्या गदारोळात आपल्याकडची एखादी बाई माइक हातात घेऊन उभी राहिली की मला एकच नाव आठवतं, आणि आज त्याच नावाबद्दल बोलायचं आहे. उषा उथुप.

कुणी त्यांना पॉप गायिका म्हणतं, कुणी जाझची म्हणतं, हिंदी सिनेमावाले डिस्कोची म्हणतात. मी त्यांना रॉक गाणाऱ्या बायकांच्या रांगेत बसवते, आणि तेही पुढच्या रांगेत. बँडसमोर उभं राहून, कुठल्याही नटीच्या ओठांचा आधार न घेता, समोरच्या माणसांना आपल्या आवाजाने धरून ठेवणं हे या गाण्याचं मूळ काम. ते काम उषाताईंनी पन्नासहून अधिक वर्षं केलं. त्यांची सुरुवात झाली ती खाडीपलीकडे, भायखळ्यात.

जन्म 1947 चा. घर तमिळ, वडील पोलीस खात्यात अधिकारी. मोठ्या बहिणी इंग्रजी गाणी गायच्या, 'सामी सिस्टर्स' म्हणून कार्यक्रम करायच्या. त्यांतल्या उमा पोचा यांनी गायलेलं 'बॉम्बे मेरी है' जुन्या मुंबईकरांना अजून पाठ असेल. घरातल्या रेडिओवर बडे गुलाम अली खाँ लागायचे, किशोरी आमोणकर लागायच्या आणि रेडिओ सिलोनवरची इंग्रजी गाणीही लागायची. या सगळ्यात वाढलेली ही मुलगी नवव्या वर्षी त्याच रेडिओ सिलोनवर गायली. गाणं होतं 'मॉकिंगबर्ड हिल'.

शाळेत मात्र तिला गाण्याच्या तासाला बाहेर काढलं गेलं. आवाज जाड, बाकीच्या मुलींच्या आवाजात मिसळेना. बाईंना एवढं मात्र जाणवलं होतं की पोरीच्या अंगात लय आहे, म्हणून तिच्या हातात वाजवायला त्रिकोण दिला. उषाताई ही गोष्ट हसत हसत सांगतात. मला ती ऐकताना हसू येत नाही.

कारण मी मुलांना गाणं शिकवते आणि ही गोष्ट माझ्या दारात अजून येते. कोपरखैरण्याच्या एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलगी सातवीतली. बसायच्या आत आई म्हणाल्या, "हिचा आवाज जरा पुरुषी आहे हो, काही करता येईल का?" मुलगी चपलेच्या अंगठ्याकडे बघत उभी होती. मी पेटीवर काळी चारचा सूर दिला, मुली सहसा ज्या पट्टीत गातात तो. तिचा घसा आवळला, मान वर ताणली गेली. मग काळी दोनवर आले. खांदे खाली आले आणि तिने असा भरदार सा लावला की आई माझ्याकडे बघतच राहिल्या. त्या आवाजाचं काही करायचं नव्हतंच. पट्टी बदलायची होती.

आपल्याकडे हे अडतं तरी कुठे? शास्त्रीय संगीतात अडत नाही. गंगूबाई हनगल यांचा आवाज किती रुंद आणि खालचा! पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात त्या आवाजासाठी लोक रात्ररात्र बसले. अडलं ते सिनेमाच्या गाण्यात. पन्नास-साठच्या दशकांत नायिकेचा आवाज म्हणजे बारीक, उंच आणि कोवळा, असं ठरून गेलं. तो साचा ज्यांच्यामुळे घडला त्या गायिका थोरच होत्या, त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण एकदा साचा पक्का झाला की त्यात न बसणाऱ्या गळ्याला खलनायिका किंवा क्लबमधली नर्तकी एवढीच जागा उरते.

पश्चिमेकडे रॉकचा उगमच अशा गळ्यांतून झाला. एल्व्हिस प्रेस्लीने 1956 मध्ये गाजवलेलं 'हाउंड डॉग' त्याच्या आधी, 1952 मध्ये, बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेने ध्वनिमुद्रित केलं होतं. दणदणीत, खरखरीत आवाज. तिचंच 'बॉल अँड चेन' गाऊन जॅनिस जॉप्लिन 1967 च्या माँटेरी महोत्सवात एका दिवसात नावारूपाला आली आणि 1970 मध्ये, अवघ्या 27 व्या वर्षी, गेली. म्हणजे जॉप्लिन अमेरिकेत गळा मोकळा सोडून गात होती त्याच काळात आपल्याकडे मद्रासला एक तरुणी पहिल्यांदा नाइट क्लबमध्ये उभी राहत होती.

मद्रासच्या माउंट रोडवर 'नाइन जेम्स' नावाचा छोटासा नाइट क्लब होता. साल 1969 च्या आसपासचं. उषाताई तिथे गायल्या आणि मालकाने त्यांना आठवडाभर थांबवून घेतलं. अंगावर साडी. क्लबमध्ये गाणाऱ्या बायका तेव्हा गाउन घालायच्या, झगमगीत आणि तंग. यांनी कांजीवरम नेसली, कारण घरात तेच नेसत होत्या. मध्यमवर्गीय तमिळ घरातून आलेल्या मुलीकडे दुसरं होतं काय? पुढे हाच वेश त्यांची ओळख झाला. कपाळावर मोठं कुंकू, केसात गजरा, हातभर बांगड्या. आणि पायात स्पोर्ट्स शूज, पण त्यांवर साडीचा काठ शिवून घेतलेला! उंच टाचांवर तासन्‌तास उभं राहून गाता येत नाही, पाय दुखले की श्वास आखूड होतो. ही गोष्ट गाणाऱ्यालाच कळते. ज्यांना ते बूट निव्वळ हौसेचे वाटतात त्यांनी सलग दोन तास उभं राहून गाऊन बघावं.

तिथून त्या कलकत्त्याला पार्क स्ट्रीटच्या 'ट्रिंकाज'मध्ये गेल्या आणि माझ्या मते त्यांची खरी तालीम तिथे झाली. नाइट क्लबमध्ये गाणं म्हणजे काय, हे नीट लक्षात घ्या. मैफलीत माणसं ऐकायला आलेली असतात. क्लबमध्ये ती जेवायला, प्यायला, गप्पा मारायला आलेली असतात. काटेचमचे वाजताहेत, वेटर गायकासमोरून ताट घेऊन जातोय, कोपऱ्यातल्या टेबलावर वाढदिवस चाललाय. मध्येच कुणीतरी फर्माइशीची चिठ्ठी पाठवतो आणि ते गाणं तुम्हाला यायलाच हवं. गायिकेला एकेक टेबल जिंकावं लागतं, आणि तेही रोज रात्री, नव्याने. उषाताईंनी यासाठी एक मार्ग काढला. समोर ज्या भाषेचा माणूस असेल त्या भाषेतलं गाणं शिकायचं. आज त्या मराठीसह सुमारे दीड डझन भारतीय भाषांत गातात, परदेशी भाषा वेगळ्या. लोकांना हा चमत्कार वाटतो. मला त्यात शिस्त दिसते. शब्दाचा अर्थ विचारून घ्यायचा, उच्चार बसेपर्यंत घोकायचा आणि मगच माइकसमोर जायचं. माझ्या विद्यार्थ्यांना मी त्यांची गाणी ऐकवते ती मुख्यतः उच्चारांसाठी.

भाषांच्या याच कमाईवर त्या केनियात पोचल्या. नैरोबीत त्यांनी स्वाहिली भाषेतलं 'मलायका' गायलं, तिथल्या लोकांना ते इतकं आपलं वाटलं की राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांनी त्यांना मानद नागरिकत्व दिलं.

सिनेमात त्या आल्या त्याही क्लबच्याच दारातून. दिल्लीच्या ओबेरॉय हॉटेलात गात असताना सिनेमाच्या मंडळींनी ऐकलं. 1970 चा 'बॉम्बे टॉकी', मग 1971 चा 'हरे रामा हरे कृष्णा'. 'दम मारो दम' आपल्या वाट्याला यायचं होतं आणि ते हातचं गेलं, असं त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. त्या चित्रपटात त्यांच्या वाट्याला इंग्रजी ओळी आल्या. पुढे 'शालीमार'चं 'वन टू चा चा चा', 'अरमान'चं 'रंबा हो', 1982 च्या 'डिस्को डान्सर'मधलं 'कोई यहाँ नाचे नाचे'. संगीतकार बप्पी लाहिरींना त्या गळ्याचा दम कळला होता. तरी नायिकेचं प्रेमगीत त्यांना कुणी फारसं दिलं नाही. दुसरी कुणी असती तर मुंबईत संगीतकारांचे उंबरठे झिजवत बसली असती. यांनी कलकत्त्यात घर केलं, केरळच्या जानी चाको उथुप यांच्याशी संसार मांडला आणि पोट भरलं ते स्टेजवर. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओवर त्यांनी कधी सगळी भिस्त ठेवली नाही, म्हणून त्या टिकल्या असं मला वाटतं.

पण त्याच स्टेजवर एकदा घाला पडला. ऐंशीच्या दशकात पश्चिम बंगालमधल्या डाव्या आघाडीच्या सरकारातले मंत्री जतीन चक्रवर्ती यांनी उषाताईंचं गाणं म्हणजे अपसंस्कृती असल्याचं ठरवलं आणि सरकारी सभागृहांची दारं त्यांना बंद झाली. विचार करा, गाण्यावर घर चालवणारी बाई, आणि ज्या शहराला तिने आपलं म्हटलं त्याच शहरात तिला मंच नाही. उषाताई कोर्टात गेल्या. त्यांनी माफी मागितली नाही, गाणी बदलली नाहीत, साडी-कुंकवाकडे बोट दाखवून मी किती सोवळी हे पटवत बसल्या नाहीत. न्यायालयात त्या जिंकल्या आणि पुन्हा त्याच शहरात गायला लागल्या. पुढे त्या कपाळावरच्या टिकलीवर बंगाली 'क' मिरवू लागल्या, कोलकात्याचा 'क'. मनात कटुता न ठेवता भांडता येणं हे फार थोड्यांना साधतं. कलावंताने सरकारशी कसं भांडावं, असं मला कुणी विचारलं तर मी या प्रसंगाचं नाव घेते.

सिनेमाने त्यांना आपलं म्हणायला फार उशीर केला. विशाल भारद्वाज यांच्या '7 खून माफ'मधलं 'डार्लिंग' हे गाणं त्यांनी रेखा भारद्वाज यांच्याबरोबर गायलं. मूळ चाल 'कालिंका' या रशियन गाण्याची. त्यासाठी दोघींना मिळून फिल्मफेअरचं पारितोषिक मिळालं तेव्हा उषाताई चौसष्ट वर्षांच्या होत्या. पारितोषिक घेणाऱ्या त्या दोघींपैकी एकीचाही गळा बारीक नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याच्या आधी 2011 मध्ये पद्मश्री आली होती, 2024 मध्ये पद्मभूषण आलं.

वय पंच्याहत्तरीपुढे गेल्यावर त्यांनी मायली सायरसचं 'फ्लॉवर्स' गायलेली चित्रफीत अलीकडे फोनाफोनांतून फिरली. तरुण मुलं चकित झाली, की आजी काय गाते! मला त्यात वेगळंच दिसलं. गाणं त्यांनी आपल्या पट्टीत उतरवून घेतलं होतं. मूळ गायिकेची नक्कल करण्याच्या फंदात त्या पडल्या नाहीत. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहातल्या गॅदरिंगला आमच्या मुली इंग्रजी गाणी गातात तेव्हा मूळ पट्टी सोडायला तयार नसतात. वरचे सूर ओरडून काढतात आणि दुसऱ्या दिवशी घसा धरून येतात. मुलींनो, पट्टी खाली घ्या. बँडच्या गिटारवाल्याला सांगा, त्याला सूर बदलून वाजवता यायलाच पाहिजे. आलं नाही तर त्याने शिकावं.

श्रोतेहो, उषाताईंची जुनी गाणी शोधायची असतील तर एक ध्यानात ठेवा. सुरुवातीच्या रेकॉर्डवर त्यांचं नाव उषा अय्यर असं आहे. त्या नावाने शोधलंत तर 'जांबालाया' मिळेल, 'ग्रीनबॅक डॉलर' मिळेल. आणि नैरोबीत 'फेलिनी फाइव्ह' या बँडबरोबर प्रेक्षकांसमोर झालेलं ध्वनिमुद्रण मिळालं तर आधी तेच लावा. त्यात गाण्यांच्या अधूनमधून त्या लोकांशी बोलतात, तेही सोडू नका. आवाज जरा मोठा ठेवा आणि घरात जाड आवाजाची एखादी मुलगी असेल तर तिलाही जवळ बसवा.