महामारीचे सत्र आणि आपली विद्यार्थी-वार्ता

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी गुणगौरव समारंभप्रसंगी मांजरी येथे केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस आजच्या प्रसंगी दोन शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा विषय कोणता हे आम्ही विचारले नाही. गेली पुष्कळ वर्षे आपल्या स्मरणिकेतील ‘विद्यार्थी-वार्ता’ हे सदर आमच्याकडे आहे. कोणाचा मुलगा कोणत्या परीक्षेत उत्तीर्ण झाला, कोणाच्या कन्येस कोठे प्रवेश मिळाला, वक्तृत्वाची ढाल कोणी आणली, हे गोळा करून छापखान्याकडे धाडावयाचे, एवढेच आमचे साहित्यकर्तृत्व. स्मरणिका घरी आली की वडीलधारी मंडळी प्रथम श्रद्धांजलीची पाने उघडतात आणि आया विद्यार्थी-वार्तेची, हे आम्ही अनेक घरी पाहिले आहे. अध्यक्षांचे मनोगत त्यानंतर, सवड झाल्यास. (हशा)

२०२१ सालच्या स्मरणिकेत ही दोन्ही सदरे पूर्वी कधी नव्हती इतकी लांबली. एकात गेलेल्यांची नावे, दुसऱ्यात उत्तीर्ण झालेल्यांची. दोहोंमध्ये चारसहा पाने जाहिरातींची. एका सदरातील आडनाव व गाव दुसऱ्या सदरातही आहे, म्हणजे ज्या घरातील मुलगी दहावी झाली त्याच घरातील कर्ता पुरुष एप्रिलात गेला आहे, हे मुद्रिते तपासताना आमच्या ध्यानात आले नाही. ते ध्यानात आणून दिले त्या मुलीच्या मामांनी, अंक वाटून झाल्यावर. त्यांनी तक्रार केली नाही. “गुरुजी, दोन्ही ठिकाणी नाव बरोबर छापलेत,” एवढेच ते म्हणाले. त्या दिवसापासून या सदराविषयी कधीतरी मोकळेपणाने बोलावे असे मनात होते.

परगावच्या सभासदांपैकी ज्यांना मांजरी केवळ दौंडच्या गाडीतून दिसणारी स्थानकावरची पाटी म्हणून ठाऊक आहे, त्यांच्यासाठी दोन वाक्ये. मुळा-मुठेच्या काठचे हे गाव. ऊस आणि द्राक्ष या दोन्ही पिकांच्या संशोधनाच्या मोठ्या संस्था येथे आहेत, भाजीपाल्याचा उपबाजार आहे, मांजरी वांगे तर मंडईत गावाच्या नावाने विकले जाते. गेल्या पंचवीस वर्षांत मळ्यांच्या बांधावर दहा-बारा मजल्यांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या. मांजरी बुद्रुक महापालिकेत आले ते जून २०२१ च्या अखेरीस. तोपर्यंत येथे ग्रामपंचायत होती. ही गोष्ट वरवर किरकोळ दिसते, परंतु महामारीच्या सत्रात तिने पालकांची मोठी तारांबळ केली. शासनाने २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग उघडण्यास अनुमती दिली आणि अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनावर सोपविला. पुणे महापालिकेच्या हद्दीत ते वर्ग ४ जानेवारी २०२१ रोजी उघडले. एकाच घरातील एक भाऊ गावच्या शाळेत आणि बहीण हडपसरच्या, अशी घरे येथे कितीतरी. दोघांना दोन नियम! महामारीला हद्द कळत नव्हती, परिपत्रकांना मात्र ती चांगली कळत होती.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आम्ही त्या वेळी या परिसरातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवीत होतो. निवृत्तीस थोडी वर्षे उरली होती. २०२० च्या मार्चमध्ये, राज्यातील पहिले रुग्ण पुण्यात आढळल्यानंतर आठवड्याच्या आतच शहरांतील शाळा बंद झाल्या. दहावीची परीक्षा चालू होती. केवळ भूगोलाचा पेपर शिल्लक होता, तो २३ मार्चला व्हावयाचा होता. तो आधी पुढे ढकलला गेला आणि एप्रिलात रद्दच झाला. इतर विषयांच्या सरासरीने त्याचे गुण देण्यात आले. आमच्या वर्गातील एक मुलगी नकाशे फार सुरेख भरीत असे. तिने आठ रंगांच्या पेन्सिली टोके करून ठेवल्या होत्या. पुढे कधीही भेटली की ती हसून म्हणे, “सर, माझा भूगोल राहिला.”

त्याच एप्रिलात नववीची वार्षिक परीक्षाही रद्द झाली. त्या मुलांना पहिल्या सत्राच्या व अंतर्गत गुणांवर दहावीत घातले गेले. तेव्हा सर्वांना सुटल्यासारखे वाटले. या सवलतीची किंमत पुढील वर्षी मोजावी लागणार आहे, हे कोणाच्याही मनात आले नाही, आमच्याही नाही.

जून २०२० मध्ये सत्र सुरू झाले ते पडद्यावर. आम्ही फळा-खडूचे शिक्षक. भ्रमणध्वनीच्या चौकोनाकडे पाहून समरूप त्रिकोण शिकविण्याची विद्या आम्हांस आमच्याच नातीने शिकविली. हजेरीपटावर पन्नासाहून अधिक नावे, पडद्यावर उगवणारी पंचवीस-तीस आणि ज्यांचे चेहरे दिसत ती चार-पाच. उरलेल्यांच्या जागी काळा चौकोन व त्यात नावाचे पहिले अक्षर. ‘समजले का?’ असे विचारले की कोठून तरी कुकरची शिट्टी ऐकू येई. अभ्यासक्रम शासनाने एक चतुर्थांश कमी केला, दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पाठ लागू लागले. या प्रयत्नांना आम्ही नावे ठेवणार नाही, ते मनापासून झाले. परंतु ज्या घरात एकच भ्रमणध्वनी आणि तोही कर्त्या माणसाच्या खिशात, त्या घरी शाळा कर्त्या माणसाबरोबर कामावर जात असे.

आमच्या वर्गात आपल्याच ज्ञातीचा एक विद्यार्थी होता. नाव सांगत नाही, ते का हे शेवटी कळेल. वडील एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांची बस चालवीत. टाळेबंदीत कर्मचारी घरून काम करू लागले आणि बसगाड्या उभ्या राहिल्या. तेव्हा आईने हातगाडी घेतली. पहाटे उपबाजारातून माल आणावयाचा आणि सोसायट्यांच्या दारांशी पोहोचवावयाचा. माणसे खाली उतरत नसत, मागणी व्हॉट्सअ‍ॅपवर येई. म्हणजे घरातील तो एकुलता भ्रमणध्वनी हेच दुकान आणि हीच शाळा. एके सकाळी आमच्या दहावीच्या गटावर, बीजगणिताच्या गृहपाठाखाली, त्याचा निरोप उमटला : ‘आज ताजी मेथी २ जुड्या, कोथिंबीर, मांजरी वांगी अर्धा किलो, गेटवर साडेनऊला.’ सोसायटीच्या गटाऐवजी तो चुकून आमच्या गटावर पडला होता. पाच मिनिटांत हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कोणी विचारले, ‘वर्गमूळ कसे किलो?’

आम्ही त्याला सर्वांदेखत लिहिले : ‘हा गट अभ्यासासाठी आहे. शिस्त पाळावी.’ तास सुरू असता त्याच्या बाजूने रस्त्याचा गलबला येई, तेव्हा “अरे, तुझा आवाज बंद कर” असेही आम्ही एकदा नव्हे, अनेकदा म्हटले. त्याने तो बंद केला आणि त्यानंतर प्रश्न विचारण्यासाठीही उघडला नाही. तो गाडी ढकलीत तास ऐकत होता. ज्याला आम्ही बेशिस्त समजलो, ती त्या वर्षीची आमच्या वर्गातील सर्वांत कष्टाची हजेरी होती. हे आम्हांस त्याच्या आईकडून कळले आणि तेही दीड वर्षाने.

येथून जवळच, हडपसरच्या ससाणे मळ्यात, १८९७ च्या प्लेगात डॉ. यशवंत फुले यांनी दवाखाना घातला होता. सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या दलित वस्तीतील एका आजारी मुलाला स्वतः तेथे पोहोचविले, त्यांनाही प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. आम्ही शिक्षक दरवर्षी ही कथा वर्गात सांगतो. मुंढवा, हडपसर, मांजरी ही सगळी एका दमात चालून जाण्याजोगी गावे. ज्या शिक्षिकेने मूल कोणाचे, कोणत्या ज्ञातीचे हे विचारले नाही, तिच्या वाटेवर राहून आम्हांस आमच्या ज्ञातीचे, आमच्या वर्गातले मूल दिसले नाही, हे सांगताना आजही संकोच होतो.

त्या जानेवारीत मांजरीचे नाव साऱ्या देशाने ऐकले. सीरमच्या लसीच्या पहिल्या गाड्या १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे पुण्याच्या विमानतळाकडे निघाल्या. २१ जानेवारीस त्याच संस्थेच्या मांजरी येथील आवारात, बांधकाम चालू असलेल्या इमारतीस आग लागून पाच कामगार दगावले. धुराचा लोट आमच्या विद्यार्थ्यांनी गच्चीवरून पाहिला. पुढे १५ ते १८ वर्षांच्या मुलांना ३ जानेवारी २०२२ पासून लस मिळू लागली, ती हैदराबादेत तयार होणारी कोव्हॅक्सिन. घराशेजारी लसीचा कारखाना असून मांजरीच्या मुलांच्या दंडात हैदराबादची लस, याची येथे बरीच थट्टा झाली. असो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये शाळा पुन्हा मिटल्या. एप्रिलात दुसऱ्या लाटेने घरोघर हाहाकार केला आणि २० एप्रिलला दहावीची परीक्षाच रद्द झाली. निकाल कसा लावावयाचा? शंभरांपैकी पन्नास गुण नववीच्या निकालावरून, तीस दहावीतील अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे, वीस तोंडी-प्रात्यक्षिकांचे. आता वर सांगितलेले आठवावे : याच मुलांची नववीची वार्षिक परीक्षा झालेलीच नव्हती. म्हणजे न झालेल्या परीक्षेचा आधार दुसऱ्या न झालेल्या परीक्षेला. १६ जुलैस निकाल लागला, राज्याचा ९९.९५ टक्के. संकेतस्थळ कित्येक तास बंद पडले, कारण उत्तीर्ण आहोत हे ठाऊक असूनही लाखो मुलांना ते डोळ्यांनी पाहावयाचे होते. आदल्या वर्षी हाच आकडा ९५.३० होता आणि पुढील वर्षी, लेखी परीक्षा पुन्हा झाली तेव्हा, ९६.९४. या मुलांची आयुष्यातील पहिली बोर्डाची लेखी परीक्षा एकदम बारावीची, २०२३ साली झाली. त्या वर्षी राज्याचा निकाल ९१.२५ टक्के लागला.

याचा अर्थ ती मुले फुकट पास झाली असा कोणी काढू नये. हा टोमणा त्यांनी नोकरीच्या मुलाखतींतही ऐकला आहे. परीक्षा त्यांनी टाळली नव्हती, ती त्यांच्यापासून काढून घेतली गेली होती. परंतु आपल्या मंडळापुरता प्रश्न निराळा आहे. आपली पारितोषिके व शिष्यवृत्त्या पंचाहत्तर टक्क्यांच्या वर. २०२१ साली त्या रेषेवर इतकी मुले आली की रक्कम वाटून प्रत्येकाच्या वाट्यास एक पेन आणि प्रशस्तिपत्र आले. हातगाडीमागच्या त्या मुलास ६१ टक्के होते. विद्यार्थी-वार्तेत आम्ही त्याचे नाव ‘उत्तीर्ण’ म्हणून छापले आणि आमचे कर्तव्य संपले. २०२२ च्या अंकात त्याचे नाव नव्हते. २०२३ च्या अंकातही नव्हते. नाव न आल्याचे आम्हांस वैषम्य वाटले नाही, कारण जे नाव येत नाही त्याची चौकशी करण्याची आपल्या सदराची रीतच नाही.

त्याची गाठ पडली ती उपबाजारात, २०२२ च्या हिवाळ्यात. आम्ही वांगी निवडीत होतो. “सर, ती नका घेऊ, किडकी आहेत,” असा आवाज आला. ओळख पटल्यावर आम्ही विचारले, “बारावीला कोणत्या महाविद्यालयात?” तो म्हणाला, “अकरावीला प्रवेशच घेतला नाही, सर. बाबांची बस परत सुरू झाली, पण गाडीचे हप्ते राहिले होते.” आई शेजारीच होती. ती म्हणाली, “गुरुजी, तुमच्या तासाला तो कधी चुकला नाही. मी गाडी धरायची आणि तो कानात वायर घालून ऐकायचा.” पिशवी भरून तिने पैसे घेण्यास नकार दिला. आम्ही ते बळेच दिले, आणि घरी येताना आमच्या लक्षात आले की चुकते करण्यासारखे देणे निराळेच होते.

त्यानंतर आम्ही मांजरी, शेवाळवाडी, हडपसर एवढ्या टापूतील आपल्या घरांची यादी घेऊन बसलो आणि जुन्या स्मरणिकांतील नावे एकेक करून पुढे शोधली. सगळी सापडली नाहीत. काहींनी कारण सांगितले, काहींनी दार अर्धेच उघडले. एका मुलीचे लग्न झाले होते, त्याची वार्ता आपण विवाह-सदरात आनंदाने छापली होती. वयाचा दाखला मात्र कोणी मागितला नव्हता.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आमची विनंती अशी. गुणांवरील पारितोषिके चालू राहोत, त्यांत आनंद आहे. परंतु शिष्यवृत्ती निधीचा अर्धा भाग शिक्षणात खंड पडलेल्यांसाठी राखून ठेवावा. सतरा नंबरचा फॉर्म भरण्याचे शुल्क, पुस्तके, आणि आपल्यातील निवृत्त शिक्षकांनी रविवारी घ्यावयाचे तास. गणिताचा तास आमच्याकडे. त्या मुलांची यादी छापू नये, चिटणीसांच्या कपाटात ठेवावी, पण ती असावी.

तो विद्यार्थी आता बाह्य विद्यार्थी म्हणून येत्या फेब्रुवारीत बारावीस बसत आहे. सकाळी गाडी, रात्री अभ्यास. यंदाच्या विद्यार्थी-वार्तेत त्याचे नाव घालू का, असे आम्ही त्यास विचारले होते. “आत्ता नको, सर,” तो म्हणाला, “निकाल लागू द्या.” मुद्रिते छापखान्यात जावयाची आहेत. त्या सदराच्या शेवटी आम्ही एका ओळीची जागा मोकळी सोडली आहे.