घोड्याची रोजनिशी



'मी बैल बोलतोय' हा निबंध तुमच्यापैकी बहुतेकांनी लिहिला असेल. मीही लिहिला, मार्गदर्शकातून पाठ करून, आणि गुणही चांगले मिळवले. त्या निबंधातला बैल म्हणजे बैलाचे कातडे पांघरलेले गुरुजीच! तो कृतज्ञतेवर भाषण देतो; माशा मात्र त्याला कधी चावत नाहीत.

म्हणून सातवीच्या वर्गात मी प्राण्याची रोजनिशी लिहून घेतो. आत्मकथेला साऱ्या जन्माची हकिकत ठाऊक असते. रोजनिशीला फक्त आजचा दिवस. अट एकच : प्राण्याला जे कळत नाही ते लिहायचे नाही. त्यासाठी आधी त्याच्याजवळ तासभर बसावे लागते. घरी कोकणी किंवा दखनी बोलणारी आपली मुले मराठी लिहायला बिचकतात, पण पाहिलेले सांगायचे असले की शब्द सापडतात.

एक मुलगा वर्गात तोंड उघडत नसे. वडील वरातीला घोडा देतात, हे तो लपवीत असे. त्याने लिहिले : 'आज पाठीवर लाल झूल घातली. पुढे माणसे उड्या मारत होती. का, ते कळले नाही. मागे काहीतरी फुटले. काय, ते दिसले नाही. मी पळालो नाही. लगाम धरणाऱ्या हाताला हरभऱ्याचा वास होता.' 'लग्न' हा शब्द कोठेही नाही!

घोड्याला बाजूचे पुष्कळ दिसते, अगदी पाठीमागचे दिसत नाही; ते त्याने अचूक टिपले होते. मी एकच चूक दाखवली. घोड्याला निळा आणि पिवळा ओळखता येतो, लाल आपल्यासारखा दिसत नाही. मुलगा म्हणाला, "मग सर, टोचणारी झूल लिहितो. जरीचा काठ टोचतो त्याला." हे मला ठाऊक नव्हते.

ॲना स्यूएल या इंग्रज लेखिकेची 'ब्लॅक ब्यूटी' ही १८७७ साली निघालेली कादंबरी घोड्याच्याच तोंडून सांगितलेली आहे. गाडीच्या घोड्याची मान ताणून धरणाऱ्या लगामाचा जाच तिने लोकांच्या ध्यानात आणून दिला. तिलाही आधी घोडे पाहावे लागलेच असतील.

पालकांना विनंती, मूल कोंबड्यांसमोर नुसते बसलेले दिसले तर उठवू नका. वही तुम्ही लिहून देऊ नका. घरच्या बोलीतला शब्द आला तर राहू द्या. शुद्धलेखन माझ्याकडे सोडा.

त्या मुलाचे वडील पालकसभेला आले तेव्हा त्यांनी वही मागून घेतली, दोनदा वाचली. मग म्हणाले, "काठ आजच उसवतो, मास्तर."