आधी वानगी, मग इसार



वसंतातल्या व्याख्यानांना श्रोते येतात ते काही गंभीर ऐकावयास मिळेल या आशेने. आणि आम्ही तर आज मुलांच्या खेळाचा विषय घेऊन उभे आहोत. संगणकावर अथवा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळावयाचा व्हिडिओ गेम विकत घेण्यापूर्वी तो थोडा खेळून पाहावयास मिळावा, एवढीच आमच्या तरुणांची मागणी आहे. ऐकताना ती पोरकट वाटते. परंतु तिच्या पोटात जो प्रश्न आहे, तो गांधीबागेतल्या कोणत्याही जुन्या दुकानदाराला चांगला ओळखीचा आहे. न पाहिलेल्या मालासाठी पैसे कोणी, केव्हा आणि कशाच्या भरवशावर द्यावेत, हा तो प्रश्न होय.

ज्यांचा या खेळांशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी प्रथम दोन शब्द सांगतो. असा एखादा मोठा खेळ तयार होण्यास चार-पाच वर्षे लागतात व शेकडो माणसे त्यावर राबतात. खेळ बाजारात येण्याच्या कित्येक महिने आधी त्याची जाहिरात सुरू होते आणि त्याच वेळी आगाऊ नोंदणीही सुरू होते. याला मुले 'प्री-ऑर्डर' म्हणतात. मोठ्या खेळाची किंमत आपल्याकडे काही हजार रुपयांच्या घरात जाते. खेळाचा एखादा भाग मोफत खेळून पाहावयास दिला, तर त्याला 'डेमो' म्हणतात. म्हणजे प्री-ऑर्डर हा आपला इसार झाला आणि डेमो ही आपली वानगी झाली. नावे नवी आहेत, व्यवहार जुना आहे.

आता आपण जेथे बसलो आहोत त्या पेठेकडेच पाहा. गांधीबागेत ठोक कापडाचा व्यापार चालतो. दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या मालाची मागणी कापड विणले जाण्यापूर्वीच द्यावी लागते. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, सुरत येथला माल विकणारा माणूस सगळे ताके पाठीवर घेऊन हिंडत नाही. तो नमुन्यांचे तुकडे घेऊन येतो. व्यापारी तो तुकडा बोटांत चुरगळून पाहतो, उजेडासमोर धरतो, एक धागा उपसतो, ओल्या रुमालाने घासून रंग उतरतो का ते पाहतो. एवढे झाल्यावर तो मागणी नोंदवतो आणि तो तुकडा जपून ठेवतो. माल आल्यावर ताका आणि तुकडा शेजारी ठेवून ताडून पाहावयाचे असते. नमुना पाहण्यात त्याचे अर्धेच काम असते. उरलेले अर्धे काम तो जपण्यात असते.

आमच्या संत्र्यांचेही तसेच. पुष्कळ बागा फळ झाडावर असतानाच विकल्या जातात. फळ पिकलेले नसते, बाजारभाव ठाऊक नसतो, गारपीट होईल की काय हे देवाला माहीत; आणि तरीही सौदा होतो. पण व्यापारी इसार देण्यापूर्वी बागेत शिरतो, झाडे मोजतो, फांद्यांवर बहार किती धरला आहे ते पाहतो. घरी बसून, बागेचे रंगीत चित्र पाहून बाग घेणारा व्यापारी आम्हांस तरी अजून भेटलेला नाही. आमच्या मुलांना मात्र नेमके हेच करावयास सांगितले जाते.

कायद्यानेही ही रीत मानलेली आहे. १९३० सालचा माल-विक्रीचा कायदा आजही लागू आहे. त्याचे सतरावे कलम नमुन्यावरून होणाऱ्या विक्रीसंबंधी आहे. ते तीन गोष्टी सांगते: सगळा माल नमुन्याच्या प्रतीचा असला पाहिजे, माल नमुन्याशी ताडून पाहण्याची वाजवी संधी ग्राहकास मिळाली पाहिजे, आणि नमुना नीट तपासूनही जो दोष दिसला नसता, असा विक्रीस अयोग्य ठरवणारा दोष मालात असता कामा नये. एकेचाळिसावे कलम म्हणते की, वेगळा करार नसेल तर ग्राहकाने मागताच विक्रेत्याने त्यास माल तपासण्याची वाजवी संधी दिली पाहिजे. २००४ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या विक्रीकराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तबकडीवर मिळणारे तयार सॉफ्टवेअर हे 'माल'च आहे असे ठरवले. आता तबकडी मागे पडली; खेळ तारेतून उतरतो आणि खरेदीदाराच्या हाती बहुधा वापराचा परवाना तेवढा पडतो. रूप बदलले, म्हणून कापडाच्या ग्राहकाचा जो हक्क, तो खेळाच्या ग्राहकाचा नाही असे म्हणणे आमच्या बुद्धीस पटत नाही.

कोणी म्हणेल, या धंद्यात वानगीची चालच नसावी. तसे नाही. १९९३ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या इड सॉफ्टवेअर या लहानशा मंडळीने 'डूम' नावाचा खेळ काढला. त्याचे तीन भाग होते. त्यांपैकी पहिला सबंध भाग त्यांनी फुकट वाटला. इतकेच नव्हे, तर त्याच्या प्रती करून मित्रांना द्या असेही सांगितले. पुढचे दोन भाग हवे असतील तर पैसे पाठवा. एक तृतीयांश माल फुकट देऊन त्यांचे दिवाळे निघाले नाही. उलट तो खेळ जगभर गेला. आपल्याकडेही संगणकाच्या मासिकांबरोबर तबकड्या येत आणि त्यांवर खेळांचे नमुने असत. एका तबकडीवर आळीतली सगळी मुले महिनाभर खेळत.

मग ही चाल मागे का पडली? कारणे समजण्याजोगी आहेत. नमुना वेगळा तयार करावा लागतो. त्यास श्रम लागतात, आणि ते श्रम ऐन घाईच्या दिवसांत मूळ खेळाच्या कामातून काढावे लागतात. शिवाय नमुना पाहून गिऱ्हाईक परत जाण्याचे भयही असते. उलट जाहिरातीचे चलच्चित्र पाहून कोणी परत जात नाही. त्यातले प्रत्येक दृश्य निवडून घेतलेले असते.

आणि आगाऊ नोंदणी का आली? तिचे मूळ कारण अगदी रास्त होते. खेळ तबकडीवर येत असे तेव्हा दुकानात प्रती मोजक्या येत. किती मागवाव्यात हे दुकानदारास कळावे आणि आपली प्रत आपल्यासाठी राहावी म्हणून गिऱ्हाईक इसार देई. परंतु तारेतून उतरणाऱ्या खेळाच्या प्रती कधी संपत नाहीत! पहिल्या दिवशी दहा लाख लोकांनी घेतला तरी अकराव्या लाखातल्या माणसास तो मिळतोच. कारण गेले आणि रीत तेवढी उरली. आता तिला टेकू म्हणून पात्राचा एखादा जास्तीचा पोशाख किंवा एखादे शस्त्र देऊ केले जाते, आणि 'त्वरा करा' असा धोशा लावला जातो. खोटी घाई निर्माण करणे ही ग्राहकाची फसवणूक आहे, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे. तेथे तेरा क्लृप्त्या नोंदल्या आहेत. त्यांत ही एक आहे.

'बाजारात तुरी' ही म्हण आपण विसरलो तर काय होते, याचे एक मोठे उदाहरण २०२० साली घडले. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या नामवंत संस्थेचा 'सायबरपंक २०७७' हा खेळ १० डिसेंबर २०२० रोजी आला. प्रसिद्धीपूर्वीच त्याच्या ऐंशी लाख प्रतींची नोंदणी झाल्याचे संस्थेने जाहीर केले होते. समीक्षकांना आधी जी प्रत दिली गेली ती संगणकावरची होती. जुन्या प्लेस्टेशनवर आणि जुन्या एक्सबॉक्सवर तो कसा चालतो, हे बहुतेकांना खेळ हाती पडल्यावरच कळले. आणि तो तेथे धड चालत नव्हता. आठवडाभरात सोनी कंपनीने तो आपल्या दुकानातून काढून घेतला व पैसे परत देऊ केले. जून २०२१ मध्ये तो तेथे परत आला. पुढे त्या संस्थेने चिकाटीने दुरुस्त्या केल्या आणि आज तो खेळ वाखाणला जातो, हेही सांगितले पाहिजे. पण पेठेच्या भाषेत झाले काय? नमुना एका ताक्याचा दाखवला आणि गठ्ठ्यात दुसराच ताका निघाला.

यात एक मुद्दा आहे, तो कापडाच्या व्यवहारात नाही. एकाच ताक्याचे कापड महालात शिवले काय आणि इतवारीत शिवले काय, कापड तेच राहते. खेळाचे तसे नाही. तोच खेळ एकाच्या यंत्रावर पाण्यासारखा वाहतो आणि दुसऱ्याच्या जुन्या यंत्रावर अडखळतो. म्हणून 'अमक्याने खेळून पाहिला, त्याला आवडला' एवढ्याने येथे भागत नाही. आपल्या घरच्या यंत्रावर तो चालतो की नाही, हे आपल्या घरीच पाहावे लागते. ज्याच्या घरी नवेकोरे यंत्र आहे त्यास वानगी नसली तरी चालेल. पण जो मुलगा थोरल्या भावाच्या जुन्या संगणकावर खेळतो आणि वर्षभराचे खाऊचे पैसे साठवून एक खेळ घेतो, त्याला ती हवीच. वानगीची गरज ज्याचे पैसे थोडे त्याला अधिक असते.

आता दुसरी बाजू. आगाऊ पैसे मागणारा प्रत्येक जण लबाड असतो असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे नागपुरात तरी शोभणार नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाची कल्पना काढली तेव्हा त्यासाठी मंडळ उभे केले ते याच नागपुरात. १९२० सालापासून पुढे ज्ञानकोशाचे तेवीस खंड निघाले. ते निघाले, याला कारण भाग घेणारे व वर्गणी भरणारे लोक मिळाले. सगळे खंड पाहून मग पैसे देऊ असे जर प्रत्येकाने म्हटले असते, तर एकही खंड पाहावयास मिळाला नसता! पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहान संस्थेने 'राजी' हा आपल्या पुराणांवर आधारलेला खेळ केला. २०१७ साली तिने लोकांकडून आगाऊ मदत मागितली; ती पुरेशी मिळाली नाही. तरीही त्या मंडळींनी काम सोडले नाही आणि २०२० साली खेळ बाहेर पडला. अशा ठिकाणी आगाऊ दिलेले पैसे म्हणजे सहभाग होय.

मग भेद कोठे करावयाचा? आमच्या मते तो असा. ज्याला पैशावाचून वस्तू करताच येत नाही, तो 'माझ्याबरोबर धोका पत्करा' असे उघड सांगतो आणि आपण समजून धोका पत्करतो. परंतु वस्तू तयार होत आली आहे, पैशाची अडचण नाही, प्रती संपण्याची भीती नाही, आणि तरीही पाहण्यापूर्वी पैसे द्या असे म्हटले जाते, तेव्हा सगळा धोका ग्राहकाच्या गळ्यात बांधलेला असतो. पहिल्यास विश्वास द्यावा. दुसऱ्याकडून वानगी मागावी.

वानगीलाही मर्यादा आहे. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे. पण शीत कोणते काढावे हे जेव्हा आचारीच ठरवतो, तेव्हा परीक्षा अर्धीच होते. पहिला एक तास घासूनपुसून लखलखीत करणे आणि पुढचे वीस तास तसेच सोडणे अशक्य नाही. म्हणूनच कायदा नमुन्याबरोबर ताडून पाहण्याचाही हक्क देतो. स्टीम या खेळांच्या मोठ्या दुकानाने २०१५ सालापासून नियम केला आहे: खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळले असता, खेळ परत करून पैसे मागता येतात. हा नियम चांगलाच आहे. पण परत मागण्यासाठी आधी पैसे हाताशी असावे लागतात. वानगीस तेही लागत नाहीत. त्याच दुकानात आता वर्षातून काही वेळा येणाऱ्या खेळांच्या नमुन्यांची जत्राच भरते, आणि तेथे लहान संस्था सर्वांत पुढे असतात. ज्यांचे नाव झालेले नाही, त्यांना वानगी दाखवल्यावाचून गत्यंतर नसते; ज्यांचे नाव झाले, ते नावच वानगी म्हणून पुढे करतात.

तेव्हा तरुणांना आमचे सांगणे थोडक्यात असे. नमुना असेल तर तो आपल्याच यंत्रावर खेळून पाहा. नसेल तर खेळ येऊन पंधरा दिवस जाऊ द्या. प्रत कोठे पळून जात नाही. पैसे परत मिळण्याचा नियम खरेदीपूर्वी वाचा, नंतर नव्हे. आणि जाहिरातीत जे दाखवले त्याचे टिपण ठेवा. तोच तुमच्या हातातला कापडाचा तुकडा आहे.

पालकांना एकच विनंती. मुलगा 'आधी खेळून पाहतो, मग घेतो' असे म्हणाला, तर तो हट्ट करीत आहे असे समजू नका. मोह समोर असताना थांबावयाचे, तपासावयाचे आणि मग पैसे मोजावयाचे, ही बुद्धी त्याच्या ठायी उगवत आहे. आज तो खेळाची वानगी मागतो. उद्या घर घेताना, मुलांसाठी शाळा निवडताना, मत देताना तो याच सवयीने वागेल. त्याच्यासमवेत घटकाभर बसून तो नमुना आपणही पाहावा. खेळ मुलाच्या वयास योग्य आहे की नाही हेही त्याच घटकेत कळेल.

विक्रेत्यांना तर या पेठेने जे शिकवले तेच सांगावयाचे आहे. ज्याचा माल चांगला, तो नमुना दाखवताना हात आखडत नाही. गिऱ्हाईक तुकडा उजेडासमोर धरते तेव्हा शहाणा दुकानदार रागावत नाही. तो दिवा थोडा जवळ सरकवतो.