पदवी आणि परवाना



परदेशी शिकून डॉक्टर झालेला मुलगा घरी आला म्हणजे गावात पेढे वाटले जातात. दुसऱ्या दिवसापासून शेजारीपाजारी विचारू लागतात, “काय हो, दवाखाना कधी उघडणार?” मुलगा गप्प बसतो. तो गप्प का बसतो, ते आज आपण समजावून घेऊ.

रशिया, किर्गिझस्तान, फिलिपिन्स अशा देशांतून वैद्यकीय पदवी घेऊन येणाऱ्या मुलामुलींत आपल्या वसई-विरारकडचीही मुले असतात. कोणाच्या वडिलांनी त्यापायी वाडी गहाण टाकलेली असते, कोणी बँकेचे कर्ज काढलेले असते. पण पदवी वेगळी आणि उपचार करण्याचा परवाना वेगळा. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा मुंबई इलाख्यात डॉक्टरांची सरकारी नोंदवही नव्हती. ती १९१२ च्या कायद्याने आली. रोगी कितीही शहाणा असला तरी समोरच्या डॉक्टरचे ज्ञान त्याला तपासता येत नाही. म्हणून ते त्याच्या वतीने कोणीतरी तपासायचे, एवढाच या नोंदवहीचा हेतू.

आता ही तपासणी होते कशी? परदेशी पदवीधराला आधी चाळणी परीक्षा द्यावी लागते. ती वर्षातून दोनदा होते आणि ३०० पैकी १५० गुण मिळवावे लागतात. ऐकायला सोपे वाटते. पण दर खेपेला पास होणाऱ्यांपेक्षा नापास होणारेच कितीतरी अधिक असतात. पास झाल्यावर महाराष्ट्र वैद्यक परिषदेची तात्पुरती नोंदणी, मग रुग्णालयात बारा महिन्यांची उमेदवारी आणि त्यानंतर कायमची नोंदणी. यात दोन-तीन वर्षे सहज निघून जातात. कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत.

अशा वेळी दोन वाटा खुणावतात. पहिली वाट म्हणजे एखाद्या पाड्यावर पाटी न लावता हळूच औषधे देणे. लोक भोळे असतात, डॉक्टर दूर असतो, त्यामुळे चारजण येतातही. पण २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्याप्रमाणे नोंदणीवाचून डॉक्टरकी करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि एखादे मूल दगावले तर ते दुःख कोणत्या दंडाने फिटणार?

दुसरी वाट परदेशी नोकरीची. आखातात कामाला जाणे आपल्याकडे नवे नाही. एजंट म्हणतो, “इथे कशाला खोळंबता? तिकडे लगेच डॉक्टर व्हाल.” तेव्हा जरा थांबा. इंग्लंड असो, अमेरिका असो, प्रत्येक देशाची स्वतःची परीक्षा आहे. आखाती देशांत प्रमाणपत्रे मूळ विद्यापीठाकडून पडताळून घेतात. बहुतेक ठिकाणी आधीची नोंदणी आणि कामाचा अनुभवही विचारतात. म्हणजे इथला दरवाजा चुकवून गेलात तरी पुढे दुसरा दरवाजा आहेच. तेव्हा सही करण्यापूर्वी करारपत्रात पद कोणते लिहिले आहे ते वाचा. ‘मदतनीस’ लिहिले असेल तर तिकडे तुम्ही मदतनीसच. एजंट सरकारकडे नोंदलेला आहे ना, हेही पाहा आणि मूळ प्रमाणपत्रे त्याच्या हाती ठेवू नका.

मग वाट पाहणाऱ्याने करायचे काय? अभ्यास तर करायचाच. त्याबरोबर परवाना न लागणारी कामेही आहेत: शाळेच्या मुलांना जीवशास्त्र शिकवणे, रुग्णालयाच्या नोंदी ठेवणे, आरोग्य पाहणीत मदत करणे. यात कमीपणा कसला?

शिक्षक मित्रांनो, तुमच्याकडे एक विनंती. बारावीचा विद्यार्थी परदेशी निघाला की त्याच्या आईवडिलांना जवळ बसवा आणि नियम सांगा. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे तिकडचा अभ्यासक्रम निदान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा. शिवाय त्याच संस्थेत बारा महिन्यांची उमेदवारी हवी आणि त्या देशातही डॉक्टरकी करण्याचा हक्क मिळायला हवा. यातले एक जरी चुकले तर पुढे कायमची नोंदणी मिळत नाही. हे पैसे भरण्याआधी कळले तर वाडी वाचते.

आणि शेजाऱ्यांनो, त्या मुलाला दवाखान्याची तारीख विचारू नका. “अभ्यास कसा चालला आहे?” एवढे विचारा. जव्हार-मोखाड्याच्या माणसांना डॉक्टर हवेच आहेत. तो उशिरा आला तरी चालेल, पण परवाना घेऊन यावा.