पेशीला मिळणारा निरोप

(वाशीम येथे विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



वाकाटकांच्या या वत्सगुल्म नगरीत आलेला वक्ता बहुधा इतिहासावर बोलतो. मी आज डॉ. कमल रणदिवे यांच्या कर्करोग संशोधनावर बोलणार आहे. ‘आनुवंशिक’ या एका शब्दाने आपल्याकडील अनेक घरांत भय निर्माण केले आहे. आईला स्तनाचा कर्करोग झाला, की मुलीची सोयरीक जुळविताना ती गोष्ट दडविली जाते. पुढे त्या मुलीच्या हाताला गाठ लागली, तरी तीही बोलत नाही. या शब्दामागील सत्य ज्या विदुषीने प्रयोगशाळेत तपासले, तिचे कार्य म्हणूनच समजून घेतले पाहिजे.

कमलताई पुण्याच्या. जन्म ८ नोव्हेंबर १९१७. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गे यांच्याकडे त्यांनी शरीराबाहेर पेशी वाढविण्याचे तंत्र आत्मसात केले. जगप्रसिद्ध ‘हेला’ पेशी याच गे यांच्या प्रयोगशाळेतल्या. तेथेच राहणे सोपे होते. पण त्या परतल्या, मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली आणि परदेशातील आपल्या तरुण संशोधकांनाही त्या परत येण्याचा आग्रह करीत राहिल्या.

त्यांच्या अभ्यासाचा मुख्य आधार होता उंदीर. उंदरांच्या काही वाणांत स्तनाचा कर्करोग वारंवार होतो, काहींत क्वचित. म्हणजे आनुवंशिकता आहेच. परंतु त्या तेथे थांबल्या नाहीत. शरीरातील संप्रेरके आणि अर्बुद निर्माण करणारा विषाणू यांचा परस्परसंबंधही रोगप्रवणता ठरवितो, हे त्यांनी दाखविले. उंदरांत हा विषाणू मातेच्या दुधातून पिलांकडे जातो.

या विषाणूची पुढील कथा विलक्षण आहे. १९८२ साली अमेरिकेत नुसे आणि व्हार्मस यांनी शोधून काढले, की तो पेशीच्या गुणसूत्रात एका विशिष्ट जनुकाशेजारी ठाण मांडतो आणि ते जनुक अकारण जागे करतो. या जनुकापासून बनणारे प्रथिन म्हणजे ‘वाढा’ असा शेजारच्या पेशींना दिलेला निरोप! गर्भावस्थेत तो निरोप आवश्यकच असतो. पण काम संपल्यावरही तो येत राहिला, तर पेशी वाढतच राहतात. फळमाशीला पंख फुटण्यासाठी लागणारे जनुक याच कुळातले निघाले. आज पेशींमधील या संदेशवहनाला ‘विंट’ मार्ग म्हणतात. माणसाच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही त्यातील बिघाड आढळतो. हा शोध कमलताईंचा नव्हे, हे स्पष्ट सांगतो. थोरांच्या खात्यावर न लागलेले शोध जमा करण्याची आपल्याला हौस आहे; त्यांना त्याची गरज नाही. एकाच कारणावर समाधान न मानता अनेक कारणे जेथे एकत्र येतात, तेथे त्यांनी शोध घेतला, हे त्यांचे मोठेपण.

आता आपल्या घरातील प्रश्न. येथे कुणी भगिनी दुधाच्या उल्लेखाने धास्तावली असेल, तर तिने निश्चिंत असावे. मानवी मातेच्या दुधातून कर्करोग बाळाला होत नाही. उलट स्तनपानाने आईचा धोका काहीसा कमी होतो. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे पाच ते दहा जणींतच तो थेट वारशाने आलेल्या सदोष जनुकामुळे होतो. आणि तसे जनुक असले, तरी रोग होईलच असे नाही. अशा घरातील स्त्रीने तपासणी लवकर आणि नियमित करावी, एवढाच त्याचा अर्थ. संप्रेरकाचा निरोप पेशीपर्यंत पोहोचू न देणारे टॅमॉक्सिफेनसारखे औषध अनेक वर्षांपासून वापरात आहे. स्तनातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतातही; पण ते ठरवायचे डॉक्टरांनी, सासूने किंवा शेजारणीने नव्हे.

१९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना उभारण्यात कमलताई अग्रभागी होत्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यात वनवासी बालकांच्या पोषणाचा अभ्यास करीत होत्या. हे अकोले अहिल्यानगर जिल्ह्यातले, आपले अकोला नव्हे. २००१ साली त्यांचे निधन झाले.

माझे बोलणे येथे थांबवितो. प्रश्न चिठ्ठीवर लिहून दिले तरी चालतील, नाव घालण्याची आवश्यकता नाही.