धीर कोणी धरावा?



ख्रिस्ती धर्मातील धीर या विषयावर कामगार संघटनेच्या माणसाने बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. मी ख्रिस्ती नाही. पंडित तर नाहीच. शाळा लवकर सुटली, पुढचे शिकलो ते वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर. परंतु तीस वर्षांत मी सर्वांत जास्त ऐकलेला शब्द 'धीर' हाच आहे. थकलेला पगार मागायला गेलो की साहेब म्हणतात, "जरा धीर धरा." तेव्हा हा उपदेश मुळात कोणी, कोणाला केला, ते पाहावेसे वाटले.

नव्या करारात याकोबाचे छोटेसे पत्र आहे, अवघे ५ अध्याय. शेवटच्या अध्यायात धीराचा उपदेश येतो, आणि तो पुष्कळदा सांगितला जातो. त्याच्या लगेच आधी काय आहे, ते मात्र सांगायचे राहून जाते. तिथे याकोब धनवंतांवर तुटून पडतो. शेत कापणाऱ्यांची मजुरी तुम्ही अडवलीत, तिचे गाऱ्हाणे देवापर्यंत गेले आहे, असे बजावतो. मगच तो आपल्या बंधूंकडे वळून धीर धरायला सांगतो. हा क्रम ध्यानात घ्या. ज्याचे देणे आहे त्याला फटकार, ज्याचे येणे आहे त्याला आधार. मालक मजुराला सांगतो तो याकोबाचा धीर नव्हे. ते नुसते मुदत मागणे झाले.

मग हा धीर कसला? याकोब शेतकऱ्याचा दाखला देतो. पॅलेस्टाइनात पहिला पाऊस आपल्या दिवाळीच्या सुमारास येतो, शेवटचा फाल्गुन-चैत्रात. मधल्या काळात शेतकरी वाट पाहतो. पण नांगरून, पेरून वाट पाहतो. पडीक रानाच्या बांधावर बसून आभाळाकडे पाहणाऱ्याला कोणी धीराचा म्हणत नाही.

दुसरा दाखला ईयोबाचा. संपत्ती गेली, मुले गेली, अंगभर फोड आले. हा गृहस्थ गप्प बसला काय? मुळीच नाही. त्याने प्रत्यक्ष देवाला जाब विचारला, पण देवाला सोडले नाही. अशा माणसाला याकोब सहनशीलतेचा नमुना ठरवतो. तिथे मूळ ग्रीक शब्द आहे 'हुपोमोने'. त्याचा धात्वर्थ, खाली टिकून राहणे. ओझ्याखाली टिकावे आणि तक्रारही करावी, यात विरोध नाही.

हे पुस्तकापुरतेच राहिले नाही. कॅलिफोर्नियातील सीझर चावेझ हा शेतमजूर कुटुंबातला कॅथलिक माणूस. त्याची शाळा आठवीनंतर सुटली. १९६५ च्या सप्टेंबरात डिलेनो येथे द्राक्षमळ्यांतील फिलिपिनो मजुरांनी संप पुकारला, आणि थोड्याच दिवसांत चावेझची संघटनाही त्यात उतरली. १९६६ साली हे संपकरी सॅक्रामेंटोपर्यंत पायी गेले आणि ईस्टरच्या दिवशी तिथे पोचले. तरी मळेवाले नमेनात. १९६८ साली माणसे कंटाळली, काहींच्या तोंडी मारहाणीची भाषा आली. तेव्हा चावेझने २५ दिवस उपास केला. तो मळेवाल्यांना नमवण्यासाठी नव्हता, आपल्याच माणसांना आवरण्यासाठी होता. मोठ्या मळेवाल्यांनी करार केले ते १९७० च्या जुलैत.

संप चालवलेल्या माणसाला याचे मोल कळते. पहिल्या आठवड्यात संप घोषणांवर चालतो. तिसऱ्या महिन्यात तो वाण्याच्या उधारीवर चालतो. त्या वेळी दोन मोह पडतात. एक, मिळेल त्यावर अंगठा द्यावा; दुसरा, दगड उचलावा. दोन्ही मोह टाळून उद्या पुन्हा फाटकावर हजर होणे, यालाच मी धीर म्हणतो.

बंद पडलेल्या एका कारखान्याच्या ग्रॅच्युइटीसाठी आम्ही आजही खेटे घालतो आहोत. यादीतील कित्येक नावांपुढे आता वारसांची नावे लिहावी लागली आहेत. त्या विधवांना धीर धरा म्हणण्याचा हक्क मला एवढ्यासाठीच आहे की, पुढच्या तारखेला मी त्यांच्याबरोबर कचेरीच्या बाकावर बसलेला असतो. जो बरोबर बसणार नाही, त्याने हा शब्द उच्चारू नये. याकोबाचे पत्र वाचून मी इतकेच शिकलो.